डांबराच्या पिंपांमागचं गाव

चंडीगडच्या उत्तर टोकाला, उच्च न्यायालयाची इमारत आणि सुखना तलाव यांच्या मधल्या झाडीत, सार्वजनिक बांधकाम खात्याचं सामान ठेवायचं एक आवार होतं. खडीचे ढीग, अवजारं आणि डांबराची पिंपं. ते सांभाळायला नेकचंद सैनी नावाचा एक रोड इन्स्पेक्टर होता. दिवसभर तो रस्त्याच्या कामावर असे. संध्याकाळी कचेरी सुटली, मजूर आपापल्या वाटेला लागले, की तो सायकलला टांग मारून पुन्हा निघायचा. कधी ओढ्याच्या पात्रात, कधी पाडलेल्या गावांच्या जागेवर, कधी भंगाराच्या ढिगाकडे. परतताना सायकलच्या मागे धोंडे असायचे, पोत्यात फुटक्या कपबश्या असायच्या. पिंपांची एक उंच भिंत त्याने रचून ठेवली होती आणि तिच्या पलीकडे कुणी जाऊ नये अशी काळजी तो घेत असे.

१९५८ च्या सुमारास हे सुरू झालं. पुढची बारा-पंधरा वर्षं खात्याला पत्ता लागला नाही.

त्या पिंपांमागे उभी राहिलेली बाग आज ‘रॉक गार्डन’ म्हणून आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. सिमला-मनालीच्या सहलीला निघालेली मराठी कुटुंबं वाटेत तासभर थांबतात, फोटो काढतात आणि ‘टाकाऊतून टिकाऊ’ असं म्हणून बसमध्ये बसतात. शाळेच्या हस्तकलेच्या तासापासून ते शब्द आपल्या तोंडी बसलेले आहेत. मला मात्र या बागेच्या बाबतीत ते फार तोकडे वाटतात. नेकचंद यांनी काय उचललं हे त्यातून कळतं. ते कुठून उचललं आणि ते तिथे का पडलं होतं, हे कळत नाही. आणि खरी गोष्ट तिथेच आहे.

त्यासाठी १९४७ च्या ऑगस्टपर्यंत मागे जायला हवं. नेकचंद यांचा जन्म १५ डिसेंबर १९२४ चा. गाव बरियां कलां, तालुका शकरगड, जिल्हा गुरदासपूर. शेतकऱ्याचं घर. फाळणीची रेघ आखणारा रॅडक्लिफ यांचा निवाडा जाहीर झाला तो १७ ऑगस्टला, म्हणजे स्वातंत्र्याचे झेंडे लावून झाल्यावर दोन दिवसांनी. गुरदासपूर जिल्ह्याचे चार तालुके होते. त्यातले तीन भारतात आले आणि रावीच्या पलीकडचा शकरगड तेवढा पाकिस्तानात गेला. एका जिल्ह्यातला एकच तालुका. बावीस वर्षांचा नेकचंद घरच्यांबरोबर सगळं मागे टाकून इकडे आला.

त्याच रेघेने पंजाबची राजधानीही नेली. लाहोर पलीकडे गेलं आणि पूर्व पंजाबाला बसायला जागा उरली नाही. शिवालिक डोंगरांच्या पायथ्याशी नवं शहर बांधायचं ठरलं. आधी अल्बर्ट मेयर आणि मॅथ्यू नोविकी या दोघांकडे आखणी होती. १९५० मध्ये नोविकी विमान अपघातात गेला आणि १९५१ पासून काम ल कॉर्बुझिए, त्याचा चुलतभाऊ पिएर जानरे, मॅक्सवेल फ्राय आणि जेन ड्रू यांच्याकडे आलं. त्याच १९५१ मध्ये नेकचंदलाही या नव्या शहरात नोकरी लागली. म्हणजे शहर आणि माणूस दोघेही एकाच फाळणीचे निर्वासित.

कॉर्बुझिएचं शहर चौकटीचं. आठशे मीटर बाय बाराशे मीटरचा एक सेक्टर, असे सेक्टर एकाला एक लावलेले. सगळ्यात वर, डोंगराच्या बाजूला, विधानसभा, सचिवालय आणि उच्च न्यायालय. कोणी कुठे राहावं, कुठे दुकान असावं, कुठे झाड लावावं, सगळं कागदावर ठरलेलं. शहराबाहेर कुणी मनाला येईल तसं बांधू नये म्हणून १९५२ मध्ये खास कायदा केला गेला. शहरात व्यक्तींचे पुतळे उभारायचे नाहीत असंही या वास्तुरचनाकाराने लिहून ठेवलं आहे.

पण ती जमीन कोरी नव्हती. तिथे गावं होती. वीसहून अधिक गावं उठवली गेली, तेव्हा कुठे सरळ रेषा मारता आल्या. बुडैल आणि अटावा यांसारखी काही गावं तगली. सेक्टरांच्या चौकटीत आजही त्यांच्या वेड्यावाकड्या गल्ल्या दिसतात. बाकीची गेली. माणसं निघताना धान्य, भांडी, गुरं घेऊन जातात. फुटका रांजण कोण नेतो? चुलीचे दगड, तडकलेली घागर, मुलीच्या बांगड्यांचे तुकडे, मोडकी खाट, कौलं हे तिथेच राहतं. रस्ता करायला येणारी माणसं ते बाजूला लोटतात. नेकचंद रस्त्याच्या खात्यातलाच. एक गाव स्वतः सोडून आलेला माणूस दुसऱ्यांची सोडलेली गावं रोज डोळ्यांसमोर सपाट होताना पाहत होता, आणि ते काम त्याच्याच नोकरीचा भाग होतं.

त्याने ते उचलायला सुरुवात केली.

पहिली सात-आठ वर्षं नुसतं गोळा करण्यात गेली. जंगलात एक झोपडी बांधली आणि तिच्याभोवती ढीग लावले. आधी आले ते दगड. सुखना चो, पटियाली की राव, घग्गर हे तिथले नद्या-नाले. पंजाबीत पावसाळ्यापुरत्या वाहणाऱ्या ओढ्याला ‘चो’ म्हणतात. या प्रवाहांनी शिवालिकातून आणलेले, पाण्याने झिजवून घडवलेले धोंडे. त्यातला एखादा त्याला पक्ष्यासारखा दिसे, एखादा बसलेल्या माणसासारखा. तो सायकलवर आणायचा. मग फुटकी चिनी मातीची भांडी, न्हाणीघरातल्या फरशा, विजेच्या फ्यूजचे पांढरे खटके, जळक्या ट्यूब, विटांच्या भट्ट्यांमधले खंगर, लोखंडाची मळी, पावसाने भिजून दगड झालेली सिमेंटची पोती. नवं शहर उभं राहत होतं तेव्हा असा माल रोज निघत होता. शहर जितकं वाढे, तितकी त्याची पुंजी वाढे.

१९६५ मध्ये त्याने प्रत्यक्ष रचायला घेतलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कॉर्बुझिए फ्रान्सच्या किनाऱ्यावर पोहायला गेला असता वारला. दोघांमध्ये काही देणंघेणं नव्हतं. पण शहराचा आखणारा गेला त्या साली त्याच शहराच्या कडेला, त्याच्या नकाशात नसलेली पहिली भिंत उभी राहिली, हे मला विसरता येत नाही.

काम रात्रीचं. उजेडासाठी जुने टायर जाळायचा. दिवसा डांबराचा धूर, रात्री टायरचा. पाणी आणायचं, सिमेंट कालवायचं, आणि हे सगळं आठ तासांची नोकरी करून. जागा संरक्षित जंगलाची, तिथे काहीही बांधणं बेकायदा. उघडकीला आलं असतं तर नोकरी गेली असती. निर्वासिताला सरकारी नोकरी म्हणजे काय असते हे ज्यांच्या घरात सिंधी-पंजाबी शेजार होता त्यांना सांगायला नको. ती त्याने पंधरा वर्षं पणाला लावलेली होती, आणि तेही कुणाला दाखवायचंही नसलेल्या कामासाठी.

मूर्ती करायची त्याची रीत पाहण्यासारखी आहे. सायकलचा मोडका सांगाडा किंवा लोखंडी सळई हा हाडांचा सापळा. सायकलची सीट ही जनावराचं डोकं. नुसती उभी धरली तरी लांब तोंडाचा प्राणी दिसतो. त्यावर सिमेंट थापायचं, हाताने आकार द्यायचा आणि ते ओलं असताना वरची कातडी बसवायची. ही कातडी म्हणजे बशांचे तुकडे, खंगराचे दाणे किंवा बांगड्या. चेहरे बहुतेक साधे: दोन डोळे, नाक, एक रेघ. शिल्पशाळेत शिकलेला माणूस ज्या ठिकाणी कौशल्य दाखवेल तिथे नेकचंदने काही केलं नाही. मात्र एकच माकड करून तो थांबला नाही. माकडांचं टोळकं केलं, मोरांचा थवा, डोक्यावर घडे घेतलेल्या बायांची रांग. एकेक मूर्ती वेगळी काढून पाहिली तर साधी वाटेल. शंभर जणी एका उतारावर ओळीने उभ्या राहिल्या की गाव दिसू लागतं.

बांगड्यांबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. बांगड्यांचे घागरे आणि ओढण्या ल्यालेल्या बाया या बागेत आहेत. जवळ जाऊन पाहिलं तर काचेचे तुकडे आडवे चिकटवलेले नाहीत. कडेवर उभे, एकमेकांना घासून, वळणाने वळण जुळवत रोवलेले आहेत. हिरवा पट्टा, मग लाल, मग पिवळा. ऊन पडलं की काचेच्या कडा चमकतात आणि दगडी बाई हलल्यासारखी होते. आपल्याकडे मुली बांगड्यांचे तुकडे जपून ठेवायच्या, काचापाणी खेळायच्या, दिव्याच्या ज्योतीवर तुकडे वाकवून साखळी करायच्या. आणि बांगडी फुटली असं आपल्याकडे म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. अमंगळ बोलू नये म्हणून काढलेला तो शब्द त्या मूर्तींपुढे अक्षरशः खरा होतो. ज्यांच्या हातातल्या त्या बांगड्या होत्या, त्या बायकांची नावं कुठे लिहिलेली नाहीत.

१९६९ मध्ये त्याने एक धाडस केलं. चंडीगडचे मुख्य वास्तुरचनाकार एम. एन. शर्मा, कॉर्बुझिएच्या हाताखाली काम केलेले आणि त्या पदावर आलेले पहिले भारतीय, यांना त्याने स्वतःहून आपलं गुपित दाखवलं. शर्मांच्या खुर्चीचं काम काय? शहराचा आराखडा राखणं. नियमाप्रमाणे त्यांनी ते पाडायला सांगायला हवं होतं. त्यांनी सांगितलं ते उलट: काम चालू ठेव, पण लपवून ठेव. या बागेच्या इतिहासात मला शर्मांबद्दल फार आदर वाटतो. वेडं काम करणारा एक माणूस असतो. त्याच्या कामाकडे पाहून फाईल न उघडणारा दुसरा माणूस लागतो. तो भेटत नाही म्हणून किती गोष्टी रातोरात भुईसपाट झाल्या असतील.

याच १९६९ सालाचा एक योगायोग आहे. फ्रान्सच्या ओतरीव गावात फेर्दिनां शेवाल नावाचा पोस्टमन होता. टपाल वाटत रोज तीसेक किलोमीटर पायपीट. १८७९ मध्ये वाटेत एका दगडाला ठेच लागली. दगडाचा आकार आवडला म्हणून तो खिशात घातला. पुढे खिसे पुरेनात, मग टोपली, मग हातगाडी. १९१२ पर्यंत, तेहेतीस वर्षं, एकट्याने त्याने आपल्या परसात एक महाल बांधला. कधीही देश न सोडलेल्या त्या माणसाने सचित्र मासिकं आणि पोस्टकार्डं पाहून त्यात एक हिंदू देऊळही बसवलं. पॅरिसच्या सांस्कृतिक खात्यातल्या अधिकाऱ्यांना तो महाल कुरूप वाटत होता. अखेर सांस्कृतिक मंत्री आंद्रे माल्रो यांनी त्यांचं न ऐकता त्या महालाला ऐतिहासिक वास्तू म्हणून संरक्षण दिलं, ते १९६९ मध्ये. शेवाल वारला १९२४ च्या ऑगस्टमध्ये, नेकचंद जन्मला त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये. दोघेही सरकारी खात्यातले तळचे कर्मचारी, दोघांचं काम रस्त्यावरचं, दोघांनी ड्यूटीच्या वाटेवर दगड उचलले. फरक एवढाच की शेवालची जमीन स्वतःची होती. नेकचंदकडे परसही नव्हतं.

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला जंगल साफ करायला आलेल्या सरकारी माणसांना पिंपांमागचं सगळं सापडलं. अनेक चौक, त्यांना जोडणाऱ्या अरुंद वाटा, आणि मूर्तींची संख्या हजारांत. आता खात्यापुढे प्रश्न पडला. कायद्याने ते अतिक्रमण होतं. शहराच्या भूदृश्य समितीचे अध्यक्ष डॉ. एम. एस. रंधावा यांनी ते पाहिलं आणि आहे तसं राखावं, वास्तुरचनाकारांनी आणि नगररचनाकारांनी त्यात हात घालू नये, असं मत दिलं. बातमी शहरात पसरली, लोक झाडीतून वाट काढत पाहायला येऊ लागले. लोकांनी एकदा पाहिल्यावर पाडणं अवघड झालं. १९७६ मध्ये, टी. एन. चतुर्वेदी मुख्य आयुक्त असताना, बाग रीतसर खुली झाली. नेकचंद यांना पगारी काम म्हणून तीच बाग देण्यात आली, पन्नास मजूर देण्यात आले आणि हुद्दा मिळाला ‘उपविभागीय अभियंता, रॉक गार्डन’. कॉर्बुझिएचं आवडतं ‘उघडा हात’ हे शिल्प त्याच्या हयातीत उभं राहिलंच नाही. ते चंडीगडमध्ये उभं राहिलं १९८५ मध्ये. रोड इन्स्पेक्टरची बाग त्याच्या नऊ वर्षं आधी लोकांची झाली होती.

पुढचं यश भराभर आलं. १९८० मध्ये पॅरिस शहराचं पदक, १९८३ मध्ये टपाल तिकीट, १९८४ मध्ये पद्मश्री. १९८० च्या दशकात वॉशिंग्टनच्या मुलांच्या संग्रहालयात त्यांनी एक बाग केली. पुढे ते संग्रहालय जागा बदलून गेलं आणि मूर्ती अमेरिकेतल्या इतर संग्रहालयांत विखुरल्या. चंडीगडमध्ये जुन्या कपड्यांसाठी आणि फुटक्या भांड्यांसाठी शहरभर जमा करायची केंद्रं उघडली. जे काम एक माणूस सायकलवर चोरून करत होता, तेच आता सरकार गाडीने करू लागलं. धबधबे आले, खुलं नाट्यगृह आलं, चिंध्यांच्या पुरुषभर उंचीच्या बाहुल्या आल्या, आणि शेवटच्या टप्प्यात उंच कमानींना टांगलेले झोपाळे. आज एकूण पसारा चाळीस एकरांच्या आसपास आहे.

मला स्वतःला तो शेवटचा टप्पा फारसा ओढत नाही. झोपाळ्यांवर लहान पोरांपेक्षा मोठी माणसं जास्त हसत असतात आणि ते पाहायला छान वाटतं, हे खरं. पण पहिल्या टप्प्यातल्या वाटा वेगळ्या आहेत. त्या रात्री, एकट्याने, पकडले जाण्याच्या भीतीत केलेल्या आहेत. दारं इतकी ठेंगणी की मोठ्या माणसाला वाकूनच आत जावं लागतं, जुन्या वाड्याच्या दिंडीदरवाजासारखं. एका चौकातून दुसरा दिसत नाही. सरळ रस्त्यांच्या शहरात पुढचं वळण न दिसण्याचं सुख फक्त इथेच मिळतं.

सरकारी छत्र मिळालं म्हणून संकट टळलं असं झालं नाही. १९८० च्या दशकाच्या अखेरीला बागेच्या बाजूने उच्च न्यायालयाकडे रस्ता काढायचं निघालं, बुलडोझर आले, तेव्हा शहरातली माणसं, त्यात मुलंही, आडवी उभी राहिली. प्रकरण न्यायालयात गेलं आणि बाग वाचली. १९९६ मध्ये नेकचंद व्याख्यानांसाठी परदेशी गेले असताना बागेचे कर्मचारी काढून घेतले गेले आणि मूर्तींची मोडतोड झाली. परत आल्यावर बहात्तरीच्या घरातल्या माणसाने आपलीच मोडलेली माणसं पुन्हा पाहिली. पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचं प्रतिष्ठान स्थापन झालं आणि देशोदेशीचे स्वयंसेवक डागडुजीला येऊ लागले. म्हातारपणीही ते बागेत येऊन बसत, भेटायला आलेल्यांशी बोलत. १२ जून २०१५ ला ते गेले.

मार्च २०२५ मध्ये, उच्च न्यायालयाजवळचा रस्ता रुंद करायला आणि गाड्या लावायला जागा हवी म्हणून, बागेची एक भिंत पाडली गेली. या वेळीही शहरातले लोक निषेधाला जमले. भिंत मात्र गेली. रस्त्यासाठी उठवलेल्या गावांच्या अवशेषांनी भरलेल्या बागेची भिंत रस्त्यासाठीच जावी, याचं मला मनापासून वाईट वाटतं. गाड्या उभ्या करायला चंडीगडमध्ये दुसरी जागा निघाली असती.

बसवाले इथे तासच देतात. माझा तो तास बहुतेक सगळा सुरुवातीच्या चौकांत जातो, कारण तिथे मूर्तींच्याही आधी आणलेले ओढ्यांतले धोंडे मांडलेले आहेत. कुणी ओझं घेतल्यासारखं, कुणी गुडघे पोटाशी धरून बसल्यासारखं, कुणी मान वळवून मागे पाहिल्यासारखं. नेकचंदने ते सायकलवरून आणले, उभे केले आणि तसेच राहू दिले. एकावरही छिन्नीची खूण नाही.